पोस्ट-केन्सियन अर्थशास्त्र नक्की आलं कुठून? (उत्तर जरा लांबलंय)

तुम्ही लिहिलंय की एमएला आयएस-एलएम (व्याजदर आणि उत्पन्नाची दोन रेषांची डायग्राम) झालं, मग न्यू केन्सियन (केन्सला मुख्य प्रवाहाच्या चौकटीत बसवणारे) झालं, आणि 'पोस्ट-केन्सियन' हा प्रकार पुस्तकात शेवटच्या अर्ध्या पानात उरकलाय. तर हे लोक कोण, यांची स्वतःची काही थिअरी आहे का नुसतीच टीका करतात, आणि वाचायला सुरुवात कुठून करायची.

आधी माझं सांगतो म्हणजे पुढचं कुठल्या चष्म्यातून लिहिलंय ते कळेल. मी काही वर्षं बँकेच्या कर्ज विभागात काढली, मग ते सोडून बरीच वर्षं मॅक्रो शिकवतोय. त्यामुळे पैसा आणि कर्ज या भागाकडे माझा ओढा जरा जास्त आहे. दुसरा कोणी हेच उत्तर लिहील तर कदाचित मजुरी-नफ्यापासून सुरू करेल, तेही चुकीचं नाही.

नावातल्या 'पोस्ट'मुळे सगळा घोळ होतो. वाटतं की केन्स या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाच्या नंतर आले म्हणून पोस्ट. तसं तर न्यू केन्सियनसुद्धा नंतरच आले की. तुमचा खरा प्रश्न माझ्या मते असा आहे: केन्सने १९३६ साली 'जनरल थिअरी'त जे लिहिलं त्यातलं पाठ्यपुस्तकात काय आलं आणि बाहेर काय राहिलं? जे बाहेर राहिलं ते ज्यांनी सोडलं नाही, ते पोस्ट-केन्सियन. यात कोणाकोणाला मोजायचं यावर त्यांच्यातच एकमत नाहीये, पिएरो स्रॅफा या इटालियन अर्थशास्त्रज्ञाची मंडळी आत का बाहेर यावर अजून वाद होतात, त्यामुळे सुरुवातीची तारीखही कोणाला विचारता त्यावर बदलते. कोणी १९३६ म्हणेल, कोणी १९५६, कोणी १९७५.

मी १९३० पासून धरतो. केन्सचं 'ट्रीटाइज ऑन मनी' त्या साली आलं आणि इंग्लंडच्या केंब्रिजमधे काही तरुण मंडळी ते फाडून बघायला बसली, रिचर्ड कान, जोन रॉबिन्सन, ऑस्टिन रॉबिन्सन, पिएरो स्रॅफा, जेम्स मीड. या गटाला 'सर्कस' म्हणायचे. कानचा गुणकाचा (एका खर्चातून एकूण उत्पन्न किती पट वाढतं त्याचा) लेख १९३१ चा. त्या सगळ्या खटपटीतून जी कल्पना वर आली ती उलटी होती: आधी बचत होते आणि तिच्यातून गुंतवणूक होते असं नाही, गुंतवणूक आधी होते, तिच्यामुळे उत्पन्न हलतं, आणि त्या उत्पन्नातून तेवढी बचत आपोआप निघते. आणि गुंतवणूक कशावर ठरते तर भविष्याबद्दलच्या अंदाजावर, ज्याला पक्का आधार नसतो.

हा 'पक्का आधार नसतो' भाग मला कर्ज विभागात कळला, पुस्तकात नाही. प्रकल्प अहवाल यायचे, त्यात पाच वर्षांच्या विक्रीचा तक्ता. पहिल्या वर्षाच्या आकड्यामागे काहीतरी असायचं, दोन-चार ऑर्डरची पत्रं वगैरे. पाचव्या वर्षाचा आकडा म्हणजे एक्सेलमधे दहा टक्के वाढ धरून उजवीकडे ओढलेला असायचा, हे अर्जदाराला माहीत, मला माहीत, मंजुरी देणाऱ्या साहेबांनाही माहीत. तरी सगळे त्यावर सही करायचे कारण दुसरा काही मार्गच नव्हता. फासे टाकताना सहा पडण्याची शक्यता काढता येते, ती जोखीम. पाचव्या वर्षाच्या विक्रीची शक्यता काढताच येत नाही, ती अनिश्चितता. केन्सने १९३७ साली आपल्या टीकाकारांना उत्तर देताना नेमकं हेच लिहिलं, की अशा गोष्टींबद्दल आपल्याला ठाऊकच नसतं, आणि म्हणून माणसं पैसा जवळ धरून बसतात. पैसा जवळ ठेवणं म्हणजे निर्णय पुढे ढकलण्याची सोय. लोक ती सोय घेत बसले की मागणी पडते, माणसं बेकार होतात, आणि बाजार आपोआप त्यांना परत कामावर आणत नाही.

त्याच १९३७ साली जॉन हिक्सने तुम्ही शिकलेली ती आयएस-एलएम डायग्राम काढली. दोन रेषा, एक छेदनबिंदू. शिकवायला अतिशय सोयीची, मीसुद्धा दर वर्षी शिकवतो, खोटं कशाला बोलू. पण तिथे गुंतवणूक ही व्याजदराची शहाण्यासारखी वागणारी रेषा होते, अनिश्चितता गायब. मग बेकारी समजवायला एकच वाट उरते, की मजुरी खाली यायला तयार नाही. आणि केन्सने तर १९ व्या प्रकरणात हेच खोडून काढलं होतं, की मजुरी कमी केली तरी रोजगार वाढेलच याची खात्री नाही. जोन रॉबिन्सन या पाठ्यपुस्तकी केन्सवादाला उघड उघड 'अनौरस' म्हणायची. गंमत म्हणजे पुढे हिक्सलाच त्या डायग्रामबद्दल शंका यायला लागल्या आणि ती वर्गात वापरायच्या साधनापलीकडे फार नाही असं त्याने पोस्ट-केन्सियन लोकांच्याच जर्नलमधे १९८०-८१ साली लिहिलं.

दुसरा उगम पोलंडमधला, तो बऱ्याच जणांना माहीतच नसतो. मिखाल कालेत्स्की. इंजिनिअरिंगचं शिक्षण अर्धवट सुटलेलं, अर्थशास्त्र स्वतःच शिकलेला, आणि १९३३ साली म्हणजे केन्सच्या तीन वर्षं आधी त्याने मागणीचा बराचसा सिद्धांत पोलिश भाषेत छापलेला होता. पोलिशमधे असल्यामुळे बाहेर कोणी वाचला नाही. त्याची ताकद कुठे आहे ते आकड्यात बघा. समजा कामगार मिळेल ते सगळं खर्च करतात, सरकार नाही, आयात-निर्यात नाही. मालक लोक स्वतःवर २० खर्च करतात आणि ३० गुंतवतात. मग एकूण नफा ५०, कमी नाही जास्त नाही, कारण मालकांनी खर्च केलेलाच पैसा फिरून मालकांकडे येतो. आता एकूण उत्पन्नात नफ्याचा वाटा एक चतुर्थांश असेल तर उत्पन्न २००, मजुरी १५०. मालकांनी किंमतीवरचा मार्जिन वाढवून आपला वाटा एक तृतीयांश केला तर काय होईल? खर्च तोच असेल तर नफा परत ५० च. पण उत्पन्न आता १५० आणि मजुरी १००. म्हणजे मालकांना एक पैसाही जास्त मिळाला नाही आणि माणसं मात्र घरी बसली. वर्गात हे फळ्यावर केलं की एक मिनिट शांतता असते, मग कोणीतरी म्हणतं सर काहीतरी चुकलंय. चुकलेलं नसतं. एका मालकाने असं केलं तर त्याचा फायदा होईलही, सगळ्यांनी केलं की नाही होत.

आता १९३९. रॉय हॅरडने हाच विचार वाढीला लावला. उत्पन्नाच्या २० टक्के बचत आणि एक रुपया उत्पन्नाला चार रुपये भांडवल लागत असेल तर ५ टक्के वाढ झाली तरच सगळं जुळतं. प्रत्यक्ष वाढ ६ झाली तर कारखानदारांना वाटतं क्षमता कमी पडतेय, ते अजून गुंतवतात, वाढ अजून वर. ४ झाली तर उलटं. सुरीच्या धारेवर चालल्यासारखं. यातून सुटका कशी, याची दोन उत्तरं साधारण एकाच वेळी, १९५६ साली आली आणि माझ्या मते खरी फाटाफूट तिथे झाली. अमेरिकेचा रॉबर्ट सोलो म्हणाला भांडवल आणि श्रम एकमेकांच्या जागी वापरता येतात, तेव्हा चारचा आकडा स्वतःच जुळवून घेईल. निकोलस काल्डॉर म्हणाला नफा आणि मजुरीची वाटणी बदलेल, मालक जास्त बचत करतात कामगार कमी, त्यामुळे वीसचा आकडा जुळवून घेईल. पहिलं उत्तर पाठ्यपुस्तकात गेलं. दुसऱ्यातून केंब्रिजची वाटणीची थिअरी निघाली, ज्यात नफ्याचा दर म्हणजे वाढीचा दर भागिले मालकांच्या बचतीचं प्रमाण. लुइजी पासिनेट्टीने १९६२ साली दाखवलं की कामगारही बचत करत असले तरी दीर्घकाळात हे सूत्र बदलत नाही.

आणि मग जोन रॉबिन्सनने तो प्रसिद्ध प्रश्न विचारला, खरं तर १९५३-५४ मधेच विचारलेला: सोलोछाप उत्पादन फलनात (भांडवल आणि श्रमातून किती उत्पादन निघतं त्या सूत्रात) ते जे 'के' असतं, भांडवल, ते मोजायचं कशात? टनात मोजता येत नाही, यंत्रं वेगवेगळी. पैशात मोजायचं तर किंमत हवी, किंमतीत नफ्याचा दर आधीच मिसळलेला, आणि नफ्याचा दर तर आपण याच 'के' वरून काढायला निघालोय. किंमती कशा ठरतात यावरचं स्रॅफाचं १९६० चं छोटंसं पुस्तक आल्यावर या वादाला धार आली. (त्या पुस्तकावर सुरुवातीच्या काळात जे अतिशय समजून लिहिलं गेलं त्यात कृष्णा भारद्वाज यांचा १९६३ चा 'इकॉनॉमिक वीकली'मधला लेख येतो, तो जरूर शोधा.) अमेरिकेच्या केंब्रिजमधून, म्हणजे एमआयटी विद्यापीठातून, पॉल सॅम्युएल्सन आणि मंडळी उत्तर देत होती. लेव्हारीने १९६५ साली सिद्ध केल्यासारखं दाखवलं की व्याज वाढत गेल्यावर एकदा सोडलेली पद्धत परत स्वस्त ठरते असा घोटाळा संपूर्ण अर्थव्यवस्थेत होऊ शकत नाही, पासिनेट्टीने त्यातली चूक दाखवली, आणि १९६६ साली सॅम्युएल्सनने सरळ मान्य केलं.

काय मान्य केलं ते त्याच्याच त्या लेखातल्या उदाहरणावरून सांगतो, कारण शब्दात हे कधीच कळत नाही. एकच माल करायच्या दोन पद्धती. पहिलीत माल तयार व्हायच्या दोन वर्षं आधी ७ मजूर. दुसरीत तीन वर्षं आधी २ आणि एक वर्ष आधी ६. व्याज शून्य असेल तर ७ विरुद्ध ८, पहिली स्वस्त. व्याज ५० टक्के धरून चक्रवाढ लावा: दोन्ही १५.७५. १०० टक्के धरा: दोन्ही २८. म्हणजे ५० च्या खाली पहिली स्वस्त, ५० ते १०० मधे दुसरी, आणि १०० च्या वर परत पहिली! आता सांगा यातली 'जास्त भांडवल लागणारी' पद्धत कुठली? व्याज कमी झालं की भांडवल जास्त वापरलं जातं हे सरळ नातं तिथे मोडलं. दर अवास्तव आहेत हे मान्य, पण प्रश्न तर्काचा होता. माझं मत विचाराल तर केंब्रिजवाले हा वाद जिंकले आणि बाकी जगाने तिकडे पाठ फिरवून तेच फलन वापरणं चालू ठेवलं. त्यात थोडा दोष जिंकणाऱ्यांचाही आहे, दुसऱ्याचं घर पाडलं पण लोकांना रोज वापरता येईल असं स्वतःचं घर बांधायला फार वेळ लावला.

इथे थोडं थांबून बघू, कारण नावं खूप झाली. केन्सकडून अनिश्चितता आली, कालेत्स्कीकडून नफा-मजुरी आणि वर्ग, हॅरड-काल्डॉर-रॉबिन्सनकडून दीर्घकाळातही मागणीच महत्त्वाची हा आग्रह, आणि स्रॅफाकडून भांडवलाच्या थिअरीवरचा घाव. यांना एकत्र 'पोस्ट-केन्सियन' म्हणून संघटित रूप मात्र सत्तरीच्या दशकात आलं. आयशनर आणि क्रेगेल यांनी १९७५ साली एका मोठ्या जर्नलमधे हा नवा विचारव्यूह आहे असं मांडलं, १९७७ ला केंब्रिज जर्नल निघालं, १९७८ ला अमेरिकेत सिडनी वाइनट्रॉब आणि पॉल डेव्हिडसनने दुसरं जर्नल काढलं. नावात हायफन हवा का नको यावरही कागद खर्च झालेत, तिकडे लक्ष देऊ नका.

आता माझा आवडता भाग, पैसा. पुस्तकात तुम्ही पतनिर्मिती शिकलात: ठेव येते, बँक थोडी राखून बाकीची कर्जाऊ देते, ती परत ठेव म्हणून येते, वगैरे. बँकेत पहिल्यांदा कर्ज वितरणाची एन्ट्री मारली तेव्हा मला धक्का बसला होता. कर्ज खातं नावे, ग्राहकाचं चालू खातं जमा. संपलं. दोन ओळी. त्या आधी कोणी ठेव विभागाला फोन करून 'शिल्लक आहे का' विचारलं नाही. ठेव त्या क्षणी कर्जातूनच जन्माला आली. ग्राहकाने तो पैसा दुसऱ्या बँकेत पाठवला की मग संध्याकाळी आमच्या ट्रेझरीवाल्यांची (बँकेच्या रोजच्या पैशाची जुळवाजुळव करणाऱ्यांची) धावपळ, आणि तो पैसा कुठून ना कुठून मिळतोच, प्रश्न फक्त किती दराने. काल्डॉरने मॉनेटरिस्ट, म्हणजे पैशाचं प्रमाण आवरून महागाई आवरा म्हणणाऱ्या लोकांशी १९७० पासून हाच वाद घातला, की केंद्रीय बँक दर ठरवते, पैशाचं प्रमाण कर्जाच्या मागणीतून ठरतं. बेसिल मूरने १९८८ साली तो पूर्ण ताणून मांडला. बाकीच्यांनी म्हटलं एवढं पण सोपं नाही, बँका स्वतःही हात आखडतात, तारण मागतात, दर वाढवतात, आणि माझ्या अनुभवात हे दुसरं जास्त खरं आहे, आम्ही रोज लोकांना नाही म्हणत होतो. २०१४ साली बँक ऑफ इंग्लंडने आपल्या तिमाही पत्रिकेत लिहिलं की कर्ज देतानाच बँका ठेव निर्माण करतात. जी गोष्ट कारकुनाला माहीत होती ती छापून यायला एवढी वर्षं लागली.

कर्जाचा विषय निघाला की हायमन मिन्स्की येतोच. त्याने कर्जदारांचे तीन प्रकार केले: मुद्दल आणि व्याज दोन्ही कमाईतून फेडणारे, फक्त व्याज फेडू शकणारे आणि मुद्दलासाठी परत कर्ज काढणारे, आणि व्याजालाही नवं कर्ज लागणारे, ज्यांचा सगळा भरवसा मालमत्तेचे भाव चढण्यावर. यांना तो पॉन्झी म्हणायचा. त्याचा मुद्दा असा की चांगल्या दिवसांतच अर्थव्यवस्था पहिल्या प्रकाराकडून तिसऱ्याकडे सरकते. हे मी टेबलावर बसून बघितलंय. चार वर्षं कोणी बुडालं नाही की डीएससीआर, म्हणजे कमाई हप्त्याच्या किती पट आहे ते गुणोत्तर, पावणेदोनवरून दीडवर येतं, मग सव्वावर, प्रत्येक वेळी कारण तेच, मागचे सगळे फेडतायत ना. नियम कोणीच मोडत नव्हतं, नियमच हळूहळू सैल होत होता. मिन्स्की १९९६ साली गेला, २००८ नंतर सगळ्यांना आठवला.

आणि वाइन गॉडली. हा आधी व्यावसायिक ओबोवादक (ओबो म्हणजे सनईसारखं पाश्चात्त्य वाद्य), मग ब्रिटिश ट्रेझरीत, म्हणजे अर्थखात्यात, मग केंब्रिजला. त्याचं म्हणणं साधं हिशेबनीसाचं: एकाचा खर्च ते दुसऱ्याचं उत्पन्न, म्हणून खाजगी क्षेत्र, सरकार आणि परदेश यांच्या शिलकींची बेरीज शून्यच येणार. सरकारने शिल्लक टाकायला सुरुवात केली आणि परदेशाशी तूट आहे, तर खाजगी लोक कर्जात चाललेत, दुसरं होऊच शकत नाही. १९९९ साली अमेरिकेबद्दल त्याने हेच मांडलं की हे फार काळ टिकणार नाही. मार्क लाव्हॉबरोबर २००७ साली त्याने या पद्धतीची मॉडेलं सविस्तर मांडली. 'स्वतःचं घर बांधलं नाही' ही वर केलेली तक्रार इथे बरीचशी मिटते.

मग थिअरी का टीका? दोन्ही आहे, पण एकसंध नाही. अनिश्चितता धरून बसलेल्यांना स्रॅफाचे दीर्घकालीन भाव पटत नाहीत, स्रॅफावाल्यांना वाटतं हे सगळं 'काही सांगता येत नाही' म्हणून सुटतात. मजुरी वाढवली तर वाढ होते का, यावर अमित भादुरी आणि स्टीफन मार्गलिनने १९९० साली दाखवलं की दोन्ही होऊ शकतं, मजुरीमुळे खप किती वाढतो आणि नफा घटल्याने गुंतवणूक आणि निर्यात किती पडते त्यावर आहे. म्हणजे देशागणिक उत्तर वेगळं. परीक्षेत 'पोस्ट-केन्सियन म्हणजे मजुरी वाढवा' असं लिहून येऊ नका.

वाचायचं कसं, हे तुमचं गणित आणि वेळ यावर आहे. पेपरपुरतं हवं असेल तर केन्सचा १९३७ चा लेख आणि 'जनरल थिअरी'चं १२ वं आणि १९ वं प्रकरण, एवढं बास. प्रबंध करायचा असेल तर गॉडली-लाव्हॉ उघडा आणि पहिली तीन-चार मॉडेलं स्वतः स्प्रेडशीटमधे बांधा, नुसती वाचू नका. कालेत्स्की कधीही वाचा, लेख छोटे असतात. स्रॅफाने सुरुवात करू नका, मी केली होती, सहा महिने गेले आणि पहिल्या भागाच्या पुढे सरकलो नाही.

आणि ते ७, २, ६ चं उदाहरण ७५ टक्के व्याज धरून हाताने करून बघा. दुसरी पद्धत स्वस्त यायला हवी, फरक अगदी थोडा येतो. नाही आला तर आकडेमोड इथे टाका, बघू कुठे अडलंय.